सीटीच्या सीडीतलं खरं चित्र कोणतं?

हरणटोळ
नमस्कार मंडळी. बाबांचा छातीचा सीटी स्कॅन झाला. (बाबा ठणठणीत आहेत, रिपोर्ट डॉक्टरांनी पाहिलाय, त्यामुळे कृपया काढे सुचवू नयेत.) सेंटरवाल्यांनी दोन मोठ्या फिल्म, रिपोर्ट आणि एक सीडी दिली. फिल्मवरच्या चिमुकल्या चौकटींतून काही उमगेना म्हणून सीडी लावली आणि डोक्याला भुंगा लागला.

आत चित्रांचे वेगवेगळे संच आहेत. एका संचात फुप्फुसं काळीकुट्ट, त्यात काही म्हणजे काही नाही, पण हृदय आणि रक्तवाहिन्या नीट दिसतात. दुसऱ्या संचात अगदी त्याच पातळीवरचा छेद पाहिला तर फुप्फुसात बारीक बारीक फांद्या फुटलेल्या, आणि हृदयाच्या जागी नुसता पांढरा गोळा. काउंटरवरच्या मुलाने माऊस दाबून ओढला तर पहिल्याचं दुसरं झालं!

प्रश्न असे:
१) यातलं मूळ चित्र कोणतं?
२) कुणी ते 'एडिट' केलंय का?
३) सॉफ्टवेअर चित्र साफ करत असेल, तर त्या साफसफाईत आजारही पुसला जाऊ शकतो का?
४) एक्स-रे, सोनोग्राफी, सीटी, एमआरआय ही यंत्रं नक्की मोजतात तरी काय? शाळेत शिकवलं तेवढ्यावर भागत नाहीये.

तिरपागडे
तुम्ही सीडी चक्क लावून पाहिलीत? आमच्याकडे त्या कबुतरं हाकलायला गॅलरीत टांगतात. सध्या आजोबांचा गुडघा आणि आत्याचं पित्ताशय वाऱ्यावर गिरक्या घेतंय.

काळापांढरा
रेडिओलॉजिस्ट आहे, नाशिककडे असतो. पहिल्या दोन प्रश्नांना हात घालतो.

सीटीच्या फाइलमध्ये रंग नसतात, आकडे असतात. छेदाचे ५१२ गुणिले ५१२ चौकोन आणि प्रत्येकात एक आकडा. त्या जागचा पदार्थ क्ष-किरणांना पाण्याच्या तुलनेत किती अडवतो, ते तो सांगतो. पाणी ० आणि हवा उणे १०००, अशी ही मोजपट्टी. चरबी उणे १००च्या आसपास, स्नायू ४० ते ६०, ताजी रक्ताची गुठळी साधारण ६० ते ८०, टणक हाड हजाराच्याही वर. या एककाला हाउन्सफील्ड म्हणतात.

आता गोची अशी की आकड्यांचा पल्ला चार हजारांचा आणि साध्या पडद्यावर राखाडी छटा २५६. माणसाच्या डोळ्याला त्यातल्याही थोड्याच वेगळ्या कळतात. म्हणून पल्ल्यातला एक पट्टा निवडायचा आणि सगळ्या छटा त्या पट्ट्यावर पसरायच्या. पट्ट्याच्या खालचं सगळं काळं, वरचं सगळं पांढरं. याला विंडो म्हणतात. छातीच्या मधल्या भागासाठी मध्य ४० आणि रुंदी ४००, म्हणजे उणे १६० ते २४०. फुप्फुसाचे आकडे उणे ७०० ते उणे ९०० असतात, ते गेले काळ्यात. फुप्फुसासाठी मध्य उणे ६०० आणि रुंदी १५००. त्यात फांद्या दिसतात, पण हृदयाच्या आतला फरक राहत नाही.

मुलाने माऊस ओढला तेव्हा एवढंच बदललं. फाइलमधला एकही आकडा हलला नाही. तेव्हा 'एडिट' वगैरे काही नाही.

मेंदूत तर रुंदी ८० इतकी अरुंद ठेवतो, कारण करड्या आणि पांढऱ्या भागात फरकच पाच-दहा एककांचा. पक्षाघाताच्या पहिल्या तासांत तेवढाच फरक पुसट होतो आणि आम्ही तोच शोधत बसतो.

चौकस_नाना
म्हणजे काय दाखवायचं आणि काय लपवायचं ते तुम्हीच ठरवणार. वा! आधी गरज नसताना सीटी लिहून द्यायचा, मग काळं-पांढरं करायचं. आमच्या शेजाऱ्यांना साध्या पाठदुखीला एमआरआय करायला लावला. कमिशन कुठे कुठे पोचलं असेल ते सांगायला नको.

काळापांढरा
नाना, कट प्रॅक्टिस आहे, नाही म्हणणार नाही. साध्या कंबरदुखीत पायात मुंग्या, कमजोरी, ताप, वजन घटणं असलं काही नसेल तर पहिल्या काही आठवड्यांत एमआरआय लागत नाही, हेही खरं. पण विंडोचा आणि त्याचा संबंध नाही. मी एकच छेद तीन-चार विंडोत पाहतो. फिल्मवर तुम्हाला त्यातल्या एक-दोनच मिळतात. म्हणून तर दुसरं मत घ्यायला जाताना सीडी न्यावी. फिल्मचा मोबाइलवर काढलेला फोटो पाठवून "बघा ना जरा" म्हणणाऱ्यांना माझा कोपरापासून नमस्कार.

सिग्नलदार
बंगळुरूत याच क्षेत्रात अल्गोरिदम लिहायचं काम करतो, त्यामुळे जरा लांबण लावतो.

डॉक्टरसाहेबांनी सांगितलेले आकडे यंत्र थेट मोजत नाही, ते गणिताने काढावे लागतात. क्ष-किरण शरीरातून आरपार गेला की पलीकडे फक्त एक बेरीज कळते: वाटेत सगळं मिळून किती अडलं. साध्या एक्स-रेत बरगड्या, हृदय, फुप्फुस एकावर एक पडतात ते यामुळेच. सीटीत नळी माणसाभोवती फिरते, शेकडो कोनांतून अशा लाखो बेरजा घेते आणि त्यावरून आतल्या प्रत्येक चौकोनाचा आकडा शोधते.

करून बघा. दोन ओळी, दोन रकाने, चार चौकोन. आडव्या बेरजा ५ आणि ५. उभ्या बेरजा ४ आणि ६. आतले आकडे सांगा.

हे शक्य आहे असं गणित योहान राडोन याने १९१७ सालीच मांडलं होतं, पण वैद्यकाशी त्याचा सुतराम संबंध नव्हता. अ‍ॅलन कॉरमॅक यांनी १९६३-६४ मध्ये तेच कोडं स्वतंत्रपणे सोडवलं, तेव्हा फारसं कुणी ढुंकून पाहिलं नाही. प्रत्यक्ष यंत्र उभं केलं ते गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांनी, लंडनच्या ईएमआय कंपनीत. हो, तीच ग्रामोफोन रेकॉर्डवाली ईएमआय. प्रयोगशाळेतल्या त्यांच्या सुरुवातीच्या एका चित्राला २८,००० मोजमापं आणि नऊ दिवस लागले, वर संगणकाचे अडीच तास. १ ऑक्टोबर १९७१ रोजी विंबल्डनच्या अ‍ॅटकिन्सन मॉर्ली रुग्णालयात पहिल्या रुग्णाच्या मेंदूचा स्कॅन झाला. चित्र होतं ८० गुणिले ८० चौकोनांचं. १९७९चं वैद्यकाचं नोबेल हाउन्सफील्ड आणि कॉरमॅक दोघांना मिळालं. दोघांकडेही वैद्यकाची पदवी नव्हती.

तिरपागडे
वरची ओळ २ आणि ३, खालची ओळ २ आणि ३. आडव्या पाच-पाच, उभ्या चार आणि सहा. पाठवा नोबेल, टपालखर्च मी देतो.

फिजिक्सवाली
माझं उत्तर वर १ आणि ४, खाली ३ आणि २. बेरजा माझ्याही जुळतात!

सिग्नलदार
दोघांचीही जुळतात, मेख तिथेच आहे. दोन दिशांच्या बेरजा पुरत नाहीत. आता तिसरी दिशा देतो: डाव्या वरच्या कोपऱ्यातून उजव्या खालच्या कोपऱ्यात जाणाऱ्या कर्णाची बेरीज ३. तिरपागडे, तुमचा पेशंट बाद.

नळी गरागरा का फिरवावी लागते ते यावरून कळावं. कोन कमी पडले तर एकाच मोजमापातून अनेक चित्रं निघू शकतात.

तिरपागडे
माझा पेशंट बाद नाही, त्याचा आजार दुर्मीळ आहे.

अंधारखोली
छान चाललंय. मी एक्स-रे टेक्निशियन म्हणून जिल्हा पातळीवर नोकरी करून निवृत्त झालो. आमच्या वेळी लाल दिव्याच्या खोलीत डेव्हलपर, पाणी, फिक्सर आणि मग फिल्म वाळत घालायची. डॉक्टर घाईत असले की ओलीच बघायचे, कोपऱ्यातून थेंब टपटपत असायचे. वापरलेल्या फिक्सरमधली चांदी काढणारे लोक ठरलेले असत.

हरणटोळ यांच्या तिसऱ्या प्रश्नाबद्दल एक बाब इथे कुणी बोललं नाही. फिल्मच्या काळात डोस जास्त झाला की फिल्म काळी पडायची. लगेच बोंब व्हायची आणि टेक्निशियनला बोलणी बसायची. डिजिटल आल्यावर सॉफ्टवेअर आपोआप चित्राची छटा सारखी करून देतं. डोस दुप्पट झाला तरी चित्र फक्कडच येतं, उलट जास्त स्वच्छ येतं. कमी पडला तर मात्र कण कण दिसतात आणि डॉक्टर ओरडतात. मग पोरं काय करणार? हात सैल सोडतात. हळूहळू डोस चढत जातो आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. यावर नजर ठेवायला यंत्र प्रत्येक चित्राबरोबर एक आकडा देतं, एक्स्पोजर इंडेक्स. तो किती जण बघतात ते विचारू नका.

दुसरं, वेणी. लांब केसांची वेणी खांद्यावरून पुढे आली आणि तशीच फिल्म घेतली, तर फुप्फुसाच्या शेंड्यावर डाग दिसतो. टीबीची आवडती जागाही तीच. नव्या मुलाला मी पहिली गोष्ट शिकवायचो ती म्हणजे "बाईंना केस वर बांधायला सांग."

वेंगुर्लेकरीण
आणि मंगळसूत्र! माझ्या सासूबाई ते काढायला तयारच होईनात. शेवटी सिस्टरनी दोऱ्यात हळकुंड बांधून गळ्यात घातलं, तेव्हा कुठे गाडं पुढे सरकलं.

काळापांढरा
त्या सिस्टरना दंडवत. सीटीत धातू आला की त्याच्याभोवती काळ्या-पांढऱ्या तिरिपा उठतात, कारण तिथून जाणाऱ्या किरणांची बेरीज हिशेबाबाहेर जाते. दातात भरलेली चांदी, कृत्रिम खुबा, सगळीकडे हाच त्रास.

रेवाकाठ
अवांतर: फिल्मचा विषय निघालाच आहे तर, १९८०चं ग्रहण आम्ही वाड्यातले सगळे जुन्या एक्स-रेतूनच पाहिलं होतं. काकांच्या बरगड्यांआड सूर्य! नंतर त्याच फिल्म कापून रांगोळीचे छाप केले, ते अजून आहेत.

फिजिक्सवाली
रांगोळीचे छाप काढा खुशाल, पण ग्रहण मुळीच पाहू नका. १९९५च्या दिवाळीतल्या ग्रहणाच्या वेळीही आम्ही शाळेत घसा कोरडा करून सांगत होतो. फिल्मवर काळेपणा सगळीकडे सारखा नसतो, आणि डोळ्याला अंधूक दिसलं तरी अवरक्त किरण आत जाऊ शकतात. पडदा भाजतो तेव्हा दुखतही नाही. ग्रहणाचे प्रमाणित चष्मे मिळतात, ते घ्या.

आता चौथा प्रश्न. एक्स-रे आणि सीटी काय मोजतात ते वर आलंच आहे.

सोनोग्राफीत किरणोत्सर्गाचा काही संबंध नाही. काही दशलक्ष हर्ट्झचा आवाज शरीरात सोडायचा आणि प्रतिध्वनी यायला किती वेळ लागला ते मोजायचं. मऊ पेशीजालात आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे १५४० मीटर धरतात, म्हणजे एक सेंटिमीटर खोल जाऊन परत यायला १३ मायक्रोसेकंद. वेळेवरून खोली, प्रतिध्वनीच्या जोरावरून उजळपणा. हवा लागली की जवळजवळ सगळा आवाज तिथूनच परत फिरतो. म्हणून तो गारेगार जेल. आणि म्हणून "भरपूर पाणी पिऊन या": भरलेलं मूत्राशय हवेने फुगलेल्या आतड्यांना बाजूला सारतं आणि आवाजाला वाट मोकळी होते.

एमआरआय शरीरातल्या पाण्याच्या आणि चरबीच्या हायड्रोजनशी बोलतो. १.५ टेस्लाचं चुंबक, म्हणजे पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या सुमारे तीस हजार पट. त्यात हायड्रोजनची केंद्रकं सेकंदाला सुमारे ६.४ कोटी वेळा गिरक्या घेतात. त्याच वारंवारतेचा रेडिओ संदेश देऊन त्यांना ढकलायचं, मग ती परत जागेवर येताना जो क्षीण रेडिओ संदेश देतात तो ऐकायचा. कुठली पेशी किती वेळात जागेवर येते त्यात फरक असतो, चित्र त्या फरकाचं. कोणता फरक ठळक करायचा हे यंत्रावर आधी ठरवतात. मेंदूभोवतीचं पाणी एका प्रकारात (टी-१) काळं आणि दुसऱ्यात (टी-२) पांढरं दिसतं ते यामुळे. हरणटोळ, तुम्हाला 'मूळ चित्र' हवं असेल तर एमआरआय उघडूच नका, वेड लागेल.

तिरपागडे
आणि तो आवाज? मला कानात कापूस घालून आत सरकवलं, आणि आत विसर्जन मिरवणुकीतलं ढोल-ताशा पथक. वर ताई म्हणतात, "हलू नका."

फिजिक्सवाली
हाहा. आवाज मुख्य चुंबकाचा नाही, ते निमूट असतं. आतमध्ये जादाची वेटोळी असतात. जागेनुसार चुंबकत्व किंचित बदलावं म्हणून त्यांतला प्रवाह झटपट चालू-बंद करतात, आणि एवढ्या चुंबकत्वात ती वेटोळी थडथडतात. या बदलामुळेच कुठला संदेश कुठून आला ते कळतं. यंत्राच्या हाती थेट चित्र येत नाही, लहरींची गोळाबेरीज येते. फूरियेचं गणित लावलं की तिचं चित्र होतं. त्यामुळे तुम्ही मध्येच नाक खाजवलंत तर नाकापुरतं बिघडत नाही, अख्ख्या चित्रावर सावल्या उमटतात.

मुख्य चुंबक मात्र रात्रंदिवस चालू असतं, स्कॅन चालू नसतानासुद्धा. २०१८च्या जानेवारीत मुंबईत ऑक्सिजनचं सिलिंडर घेऊन एक तरुण नातेवाईक त्या खोलीत गेला आणि जीव गमावून बसला. खोलीबाहेर कुणी थांबवलं तर कृपया हुज्जत घालू नका.

वेंगुर्लेकरीण
बाप रे. हे ठाऊक नव्हतं.

सोनोग्राफीवरून: माझी बहीण टोरोंटोला असते, तिला मुलगी आहे हे तिथे आधीच सांगितलं. इथे प्रत्येक सेंटरवर "गर्भलिंगनिदान केले जात नाही"चा बोर्ड आणि ढीगभर फॉर्म. बहिणीला हे जाचक वाटतं. मला नाही वाटत.

काळापांढरा
मलाही नाही. हा कायदा आधी आपल्या महाराष्ट्राने केला, १९८८ साली. केंद्राचा १९९४चा. एफ फॉर्म भरताना हात दुखतो, एका रकान्याच्या चुकीसाठी मशिनला सील लागलेलं ऐकतो तेव्हा चिडचिडही होते. तरी फॉर्म भरतो.

चौकस_नाना
कायद्याचं ठीक. पण डोसचं बोला. एक सीटी म्हणजे तीनशे-चारशे एक्स-रे, हे २०२१ मध्ये दिल्लीतल्या मोठ्या डॉक्टरांनी टीव्हीवर सांगितलं होतं. नंतर रेडिओलॉजिस्टांच्या संघटनेने म्हटलं, चूक. आम्ही कुणाचं ऐकायचं?

सिग्नलदार
हिशेब मांडू. छातीचा एक एक्स-रे ०.०२ ते ०.१ मिलिसिव्हर्ट (किरणांचा डोस मोजायचं एकक). छातीचा नेहमीचा सीटी ५ ते ७, कमी डोसचा दीडच्या आसपास. आता ६ ला ०.०२ने भागा, ३०० आले. दीडला ०.१ने भागा, १५ आले. कोणता सीटी आणि कोणता एक्स-रे ते न सांगता पटींत बोललं की दोन्ही बाजू आपापल्या परीने बरोबर. तुलनेला एक आकडा: माती, खडक, आकाश, अन्न यांतून माणसाला वर्षाला सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट मिळतातच.

माझं मत विचाराल तर कारण असेल तेव्हा सीटी टाळू नये आणि नसेल तेव्हा फुकटही घेऊ नये. त्या वर्षी करोनाच्या धास्तीने सर्दी झाली म्हणून सीटीला रांगा लावत होते लोक.

वेंगुर्लेकरीण
अगदी! आमच्या सोसायटीत तेव्हा जेवलात का विचारायचं सोडून "स्कोअर किती?" विचारायचे. कुणाचा ८, कुणाचा १७. पंचवीसपैकी. दहावीच्या मार्कांची आठवण यायची.

काळापांढरा
त्या स्कोअरचं गुपित सांगतो. उजव्या फुप्फुसाचे तीन कप्पे, डाव्याचे दोन. प्रत्येक कप्प्याचा किती भाग बाधित दिसतो त्यावरून ० ते ५ गुण. पाच पंचे पंचवीस. हे बहुतेक ठिकाणी डोळ्यांच्या अंदाजाने चालायचं. मी ११ दिले तिथे माझा सहकारी १३ देऊ शकायचा आणि दोघांचंही चुकलं असं म्हणता यायचं नाही. नातेवाईक मात्र दोन गुणांसाठी रडायचे. ९ स्कोअरवाला ऑक्सिजनवर आणि १५ स्कोअरवाला घरी चालता-बोलता, असंही पाहिलंय. सप्टेंबर २०२०मध्ये राज्य सरकारने एचआरसीटीचे (म्हणजे याच छातीच्या सीटीचे) दर २००० ते ३००० रुपयांत बांधले ते बरं केलं. त्याआधी काहीच्या काही घेत होते काही जण.

रानजाई
बरेच दिवस वाचनमात्र होते, आज लिहिते. माझं पेट-सीटी झालं आहे (आता बरी आहे). इंजेक्शन दिल्यावर तासभर अंधाऱ्या खोलीत गप्प पडून राहायला सांगितलं, फोनसुद्धा नाही. नंतर चित्र पाहिलं तर मेंदू आणि मूत्राशय काळेभोर. माझं अवसानच गळालं. आजार सगळीकडे पसरला असंच वाटलं. ती रात्र कशी काढली माझं मला माहीत. दुसऱ्या दिवशी डॉक्टर म्हणाले, "ते सगळ्यांचंच दिसतं." आधी कुणी सांगितलं असतं तर?

काळापांढरा
रानजाई, सांगायलाच हवं होतं. ते इंजेक्शन म्हणजे किरणोत्सारी फ्लोरिन जोडलेली साखर. जिथे साखरेची उचल जास्त तिथे गडद दिसतं. मेंदू कायमच साखर खातो. आणि न वापरलेली साखर लघवीतून जाते म्हणून मूत्राशय गडद. बोललात तर जिभेचे, घशाचे स्नायू साखर उचलतात, हिंडलात तर पायांचे. म्हणून गप्प झोपवतात.

फिजिक्सवाली
त्या फ्लोरिन-१८चं अर्धायुष्य ११० मिनिटांचं. म्हणजे साठवून ठेवता येत नाही, जवळपास सायक्लोट्रॉन (असे किरणोत्सारी अणू बनवणारं यंत्र) लागतो. परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये २००२ साली देशातला पहिला वैद्यकीय सायक्लोट्रॉन सुरू झाला तो याच कामासाठी. उशीर झाला तर मुंबईच्या ट्रॅफिकमध्येच अर्धं औषध विरून जायचं!

पिंपळपार
वाखुसा (वाचनखूण साठवली). मुलगा म्हणतो, एआय आला की रेडिओलॉजिस्ट घरी बसणार. डॉक्टर, तुम्ही काय म्हणता?

काळापांढरा
गेली काही वर्षं मला दर दिवाळीला कुणीतरी घरी बसवतं. रिपोर्ट काही कमी होत नाहीत.

सिग्नलदार
मी त्याच बाजूचा, तरी सांगतो. २०१५मध्ये जर्मनीतल्या फ्रायबुर्गच्या लोकांनी यू-नेट नावाचं न्यूरल जाळं (उदाहरणं पाहून शिकणारा एआय प्रोग्राम) मांडलं, तेव्हापासून चित्रातला अवयव किंवा गाठ आखून काढणं फार सोपं झालं. त्याआधी उंबरठा ठरवून वेगळं करणं, एका बिंदूपासून शेजारी शेजारी पसरत जाणं, असल्या युक्त्या होत्या. टीबीच्या पहिल्या चाळणीसाठी छातीचा एक्स-रे संगणकाने वाचायला जागतिक आरोग्य संघटनेने २०२१मध्ये मान्यता दिली, पंधरा वर्षांवरच्यांसाठी. डॉक्टर नसलेल्या गावात याचा खरोखर उपयोग आहे.

पण २०१८मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांना असं दिसलं की न्यूमोनिया ओळखणारं त्यांचं जाळं चित्र कुठल्या रुग्णालयातलं आहे हेच ओळखत होतं. कोपऱ्यातल्या शिशाच्या खुणेवरूनसुद्धा! ज्या रुग्णालयात न्यूमोनिया जास्त, तिथलं चित्र आलं की "न्यूमोनिया" म्हणायचं. दुसरीकडे नेलं की गुण घसरले.

आता हरणटोळ यांचा तिसरा प्रश्न, जो सगळे विसरलेत. हो, साफसफाईत आजार पुसला जाऊ शकतो. मीडियन फिल्टर घ्या: प्रत्येक चौकोनात शेजाऱ्यांचा मधला आकडा टाकायचा, म्हणजे सुटा चुकार ठिपका जातो. पण मॅमोग्राफीत (स्तनांच्या एक्स-रेत) अर्ध्या मिलिमीटरहून लहान कॅल्शियमचे ठिपकेच शोधायचे असतात. तिथे हा फिल्टर लावला तर पंचाईत. गोंगाट (चित्रातले नको ते कण) कमी करणं आणि बारीक तपशील राखणं या दोन गोष्टी एकमेकींच्या मुळावर उठतात.

तुमच्या सीडीतच पाहा. एखादा संच ५ मिलिमीटर जाडीचा असेल, एखादा १ मिलिमीटरचा. पातळ छेदाला किरण पाचपट कमी मिळतात, म्हणून गोंगाट सुमारे सव्वादोन पट, पण बारीक गाठ त्यातच नीट दिसते. बेरजांवरून चित्र रचतानाही एक फिल्टर लावावाच लागतो, नाहीतर सगळं फराटलेलं येतं. त्यातला एक प्रसिद्ध फिल्टर आपल्याकडचा: जी. एन. रामचंद्रन आणि ए. व्ही. लक्ष्मीनारायणन, १९७१. जगभर राम-लॅक म्हणतात. कोलॅजन या शरीरातल्या प्रथिनाची रचना तिहेरी दोरीसारखी असते हे सांगणारे तेच रामचंद्रन. हा फिल्टर कडा धारदार ठेवतो, पण गोंगाटही वाढवतो. म्हणून फुप्फुसाला धारदार आणि बाकीच्या अवयवांना मऊ फिल्टर वापरतात. म्हणजे तुमच्या दोन संचांत नुसती विंडो वेगळी नसेल, आकडेही किंचित वेगळे असतील.

हरणटोळ
सगळ्यांचे आभार. थ्रीडी स्लायसर नावाचं चित्रं पाहायचं सॉफ्टवेअर उतरवून घेतलं, फुकट आहे. सिग्नलदार म्हणतात ते तंतोतंत: एक संच ५ मिमी, एक १ मिमी. बाबांच्या पाठीखालचं टेबल आणि चादरीची घडीसुद्धा दिसते! महाधमनीत कर्सर नेला तर ३८-४२. डॉक्टरसाहेबांचा तक्ता खरा निघाला.

नवी शंका: श्वासनलिकेच्या आत मऊ संचात उणे ९९०च्या आसपास, पण धारदार संचात काही ठिकाणी उणे १०१५. हवेपेक्षा कमी? तिथे काय निर्वात पोकळी आहे का? स्क्रीनशॉट टाकतो थोड्या वेळात, हवं तर फाइलच चढवतो.

काळापांढरा
फाइल चढवू नका! चित्राबरोबर त्यात बाबांचं नाव, वय, तारीख, नोंदणी क्रमांक सगळं असतं. स्क्रीनशॉटच्या कोपऱ्यातही नाव येतं, ते कापा.

शंकेबद्दल: एका चौकोनावर जाऊ नका, गोल काढून सरासरी पाहा.

सिग्नलदार
+१. धारदार फिल्टर कडेच्या अलीकडे-पलीकडे आकडा जरा जास्तच ओढतो, शिवाय १ मिमीचा गोंगाट. नलिकेच्या मधोमध गोल काढलात तर दोन्ही संचांत सरासरी जवळजवळ सारखी यायला हवी.

हरणटोळ
उणे ९८९ आणि उणे ९९२. जमलं.

वेंगुर्लेकरीण
हे भारी आहे, माझीही जुनी सीडी काढते. पण नव्या लॅपटॉपला सीडीची खाचच नाही. आणि माझा एमआरआय आहे, त्यातही असेच ठरलेले आकडे असतात का?

काळापांढरा
बाहेरून लावायचा ड्राइव्ह मिळतो, नाहीतर सेंटरमध्ये पेन ड्राइव्ह घेऊन जा, बहुतेक ठिकाणी करून देतात.

एमआरआयचे आकडे सीटीसारखे ठरलेले नसतात. यंत्र बदललं, सेटिंग बदललं की तेच पेशीजाल वेगळा आकडा देतं. तिथे शेजारच्या भागाशी तुलना करूनच वाचावं लागतं. त्यावर लिहायचं तर वेगळा धागा लागेल. फिजिक्सवाली, घ्या मनावर.

फिजिक्सवाली
पेपर तपासणी संपू द्या. टी-१, टी-२चे दोन फोटो कुणी नाव कापून देणार असेल तर काढते धागा.